तिरके विमान, सरळ वाट

वादळी हवेत उतरत येणारे विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे राहून पाहिले, तर त्याचे नाक धावपट्टीकडे नसून भलत्याच बाजूला वळलेले दिसते, एक पंख खाली जातो तोच दुसरा वर उचलला जातो, आणि ते सगळे अवाढव्य धूड पुढे येण्याऐवजी आडवेच सरकत असल्याचा भास होतो. हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याला विमान वैमानिकाच्या हातून निसटले असे वाटले तर त्यात नवल नाही. प्रत्यक्षात त्या क्षणी विमान वैमानिकाच्या हाती जितके पक्के असते तितके शांत, निरभ्र दिवशी असण्याची गरजही पडत नाही, आणि तो तिरकेपणा हीच विमान योग्य वाटेवर असल्याची खूण असते.

याचा उलगडा करायचा तर विमान कशाच्या आधाराने चालते याचा विचार आधी करावा लागतो. ते हवेच्या आधाराने चालते, जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो, आणि हवाच वाहत असेल तर तिच्याबरोबर विमानही वाहत जाते. कोकणातल्या खाडीत होडी चालवणारा नावाडी हे गणित रोज सोडवत असतो. भरतीची ओढ असताना समोरच्या धक्क्यावर नेम धरून होडी हाकली तर ती धक्का सोडून कितीतरी वरच्या अंगाला लागेल हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो होडीचे तोंड ओढीच्या विरुद्ध बाजूला वळवून ठेवतो, आणि होडी सगळी वाट तिरकी राहूनही सरळ धक्क्याला येऊन टेकते. आडव्या वाऱ्यात, म्हणजे धावपट्टीला काटकोनात वाहणाऱ्या वाऱ्यात, वैमानिकही नेमके हेच करतो आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला नाक थोडे वळवून ठेवतो. खेकड्यासारख्या या चालीला वैमानिकांच्या बोलीत ‘क्रॅब’ असेच म्हणतात. हे नाक किती वळवावे लागते याचा हिशेब सोपा आहे : उतरण्याच्या वेळी विमानाचा हवेतला वेग १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर, असेल आणि आडवा वारा ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर, असेल तर नाक धावपट्टीच्या रेषेपासून जवळजवळ १४ ते १५ अंश बाजूला ठेवावे लागते. कागदावर हा कोन किरकोळ वाटतो, पण ८० मीटर पंखविस्ताराचे एअरबस ए-३८० विमान तेवढे वळलेले समोरून येताना दिसते तेव्हा त्याची एक बाजू दूरपर्यंत, खिडक्यांच्या रांगांसकट, पाहणाऱ्यापुढे उघडी पडते.

वारा नेहमी नेमका आडवाच वाहतो असेही नाही. धावपट्टीला दिलेला क्रमांक हा तिच्या दिशेचा अंक असतो. होकायंत्रावरील अंशांतले शेवटचे शून्य गाळून तो लिहितात, त्यामुळे २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारे विमान २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करून उतरते, आणि तीच धावपट्टी उलट दिशेने वापरली की तिचा क्रमांक ०९ होतो. वारा या दिशेशी किती अंशांचा कोन करतो त्यावर त्याचे दोन भाग पडतात. पहिला समोरून येणारा, जो विमानाला उपकारक असतो, कारण हवेतला वेग तोच राहून जमिनीवरचा वेग कमी होतो आणि विमान लवकर थांबते. दुसरा आडवा, ज्याच्याशी झुंजावे लागते. ५० नॉटचा वारा धावपट्टीशी ३० अंशांच्या कोनात आला तर त्यातला निम्मा, म्हणजे २५ नॉट, आडवा भाग असतो. म्हणूनच नुसता वाऱ्याचा वेग ऐकून विमान उतरेल की नाही हे सांगता येत नाही. त्याची दिशाही कळावी लागते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो एकसारखा आहे की झोताझोताने येतो आहे हे कळावे लागते.

हा सगळा खेळ सामान्य माणसांनी एकाच वेळी, मोठ्या संख्येने पाहिला तो १८ फेब्रुवारी २०२२ या दिवशी. ‘युनिस’ नावाचे वादळ त्या दिवशी ब्रिटनच्या दक्षिण भागावरून गेले. आइल ऑफ वाइट बेटाच्या टोकाशी असलेल्या नीडल्स येथे वाऱ्याच्या एका झोताचा वेग ताशी १२२ मैल, म्हणजे १९६ किलोमीटर, नोंदला गेला, आणि तो इंग्लंडमधला उच्चांक ठरला. ब्रिटिश हवामान खात्याने लंडनसह दक्षिणेतील भागांना तांबडा इशारा दिला होता, लोकांना घरातच थांबण्यास सांगितले होते, आणि अशा वेळी जेरी डायर हा विमानवेडा गृहस्थ हीथ्रो विमानतळाजवळ आपल्या गाडीच्या टपावर कॅमेरा लावून उतरणाऱ्या विमानांचे थेट प्रक्षेपण करीत होता. ‘बिग जेट टीव्ही’ या त्याच्या वाहिनीवर एका क्षणी दोन लाखांहून अधिक लोक एकाच वेळी विमाने उतरताना पाहत होते. घरात अडकून पडलेल्या माणसांना त्या दिवशी जे दिसले ते कोणत्याही कृत्रिम मनोरंजनापेक्षा खरे होते. प्रत्येक विमानात काही शे माणसे होती, प्रत्येक वैमानिकासमोर तोच वारा पण वेगळा झोत होता, आणि डायरच्या आवाजातले प्रोत्साहन वैमानिकाच्या कानी पडणार नसूनही मनापासूनचे होते.

हीथ्रोच्या दोन्ही धावपट्ट्या समांतर, पूर्व-पश्चिम आहेत. युनिसचा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येत असल्याने विमाने पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरत होती. धावपट्टीच्या पूर्व टोकाशी विमानांच्या दुरुस्तीसाठी उभारलेली प्रचंड हँगरे आहेत, आणि मोकळ्या मैदानावरून येणारा वारा अशा इमारतींना धडकला की त्यांच्यामागे, वाहत्या ओढ्यातल्या धोंड्यामागे पाणी घुसळते तसा, घुसळून निघतो. धावपट्टी अगदी हाताशी आलेली असताना, म्हणजे सावरायला जागा सर्वांत कमी असताना, विमान अचानक डोलू लागते ते पुष्कळदा अशा घुसळणीमुळे. हीथ्रोला समोरच्या जोरदार वाऱ्याचा आणखी एक त्रास पूर्वापार होता. विमानांमधले अंतर मैलांत ठरलेले असल्याने वाऱ्यामुळे विमाने जमिनीच्या हिशेबाने हळू येऊ लागली की तासाभरात उतरणाऱ्या विमानांची संख्या घटत असे. २०१५ पासून तेथे वादळी दिवशी अंतर मैलांऐवजी सेकंदांत मोजण्याची पद्धत सुरू झाली आणि ही तूट बरीच भरून निघाली.

पाहणाऱ्याने सर्वांत बारकाईने पाहावा असा काळ शेवटच्या काही सेकंदांचा असतो. विमान तिरके असतानाच टेकले तर चाकांवर आडवा ताण येतो आणि चाके ज्या दिशेला रोखलेली आहेत त्या दिशेला विमान धावू पाहते. म्हणून जमीन अवघी काही मीटर राहिली की वैमानिक पायाने पेडल दाबून शेपटीवरचा उभा फलक, म्हणजे रडर, वळवतो, आणि नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो. पण नाक सरळ झाले की वारा विमानाला पुन्हा बाजूला ढकलू लागतो. त्याला उत्तर म्हणून त्याच क्षणी हाताने वाऱ्याकडचा पंख किंचित खाली दाबला जातो. हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे, असे हे एकमेकांविरुद्ध जाणारे दोन दाब एका श्वासात द्यावे लागतात. पंख फार झुकवण्याची मुभा नसते, कारण मोठ्या विमानांची इंजिने पंखांखाली लटकलेली असतात आणि जमिनीपासून त्यांचे अंतर थोडेच उरते. त्यामुळे वाऱ्याकडच्या बाजूची चाके आधी टेकतात, रबराच्या धुराचा एक लोट उठून आडवा उडून जातो, मग दुसऱ्या बाजूची चाके आणि सर्वांत शेवटी नाकाखालचे चाक. विमान एका पायावर उतरले असे पाहणाऱ्याला वाटते, ते याच कारणाने, आणि ते चूक नसून अपेक्षित असते. काही विमानांचा सांगाडा थोडा तिरकेपणा सोसून उतरता येईल असाच बांधलेला असतो. तेव्हा नाक चाके टेकल्यावर झटक्यासरशी सरळ होते आणि ते दृश्य अधिकच दचकवणारे असते.

हे काम यंत्रावर का सोपवत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. दाट धुक्यात, जेव्हा वैमानिकाला समोरचे काही दिसत नाही, तेव्हा विमान आपोआप उतरवणारी यंत्रणा वापरली जाते आणि ती उत्तम काम करते. पण धुके पडते ते वारा नसताना. जोराच्या वाऱ्यात या यंत्रणेची मर्यादा माणसाच्या मर्यादेपेक्षा बरीच आधी येते. एअरबस ए-३२० या जातीच्या विमानात स्वयंचलित उतरणीला सुमारे २० नॉट आडव्या वाऱ्यापर्यंतच मुभा आहे, तर चाचणी वैमानिकांनी हेच विमान ३३ नॉट आडव्या वाऱ्यात आणि ३८ नॉटपर्यंतच्या झोतांत हाताने उतरवून दाखवले आहे. म्हणजे वादळी दिवशी जे विमान डोलत-सावरत उतरताना दिसते ते जवळजवळ नेहमी एका माणसाच्या हाती असते, आणि या दृश्याची ओढ लागते ती बहुधा यामुळेच.

झोतांच्या हवेत वैमानिक ठरलेल्या वेगापेक्षा काही नॉट अधिक वेग राखतात, कारण समोरचा झोत एकाएकी थांबला तर पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेगही तेवढाच एकाएकी घटतो आणि विमान खाली बसू लागते. वाऱ्याचा वेग किंवा दिशा थोड्या अंतरात झपाट्याने बदलणे याला ‘विंडशिअर’ म्हणतात, आणि विमानोड्डाणाच्या इतिहासात आडव्या वाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक बळी याने घेतले आहेत. त्याचे सर्वांत घातक रूप ओळखणारा शास्त्रज्ञ होता तेत्सुया फुजिता. १९४५ साली, तरुणपणी, त्याने नागासाकी आणि हिरोशिमा येथील विध्वंसाची पाहणी केली होती आणि स्फोटाच्या मध्याखालची झाडे उभी राहून भोवतालची मात्र चहूबाजूंना बाहेरच्या दिशेने आडवी झालेली त्याने पाहिली होती. पुढे शिकागो विद्यापीठात टोर्नेडो वादळांचा अभ्यास करताना विमानातून त्याला जंगलातली झाडे तशीच, मध्यापासून बाहेर पडलेली, आढळली. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर गडगडाटी पावसात उतरणारे एक प्रवासी विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले, तेव्हा फुजिताने त्या दुर्घटनेचा उलगडा याच खुणेवरून केला : ढगातून थंड, जड हवेचा एक स्तंभ खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून सर्व दिशांना पसरतो. याला त्याने ‘मायक्रोबर्स्ट’ असे नाव दिले. चार किलोमीटरहूनही कमी व्यासाच्या त्या पसाऱ्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरचा जोरदार वारा लागतो, त्यामुळे ते वर उचलले जाते आणि वैमानिकाला शक्ती कमी करण्याचा मोह होतो. मग वरून दाब येतो. आणि लगेच वारा पाठीमागून येऊ लागल्याने उरलासुरला आधारही जातो. अनेक हवामानतज्ज्ञांचा आरंभी या मतावर विश्वास नव्हता. १९७८ पासूनच्या डॉप्लर रडारच्या पाहण्यांनी ते खरे ठरवले. तरीही २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसजवळ आणखी एक विमान अशाच कोसळत्या हवेत सापडून १३७ जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर, १९८८ साली, अमेरिकेत प्रवासी विमानांवर विंडशिअरचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आज कॉकपिटमध्ये ऐकू येणाऱ्या त्या इशाऱ्यामागे एवढी माणसे आहेत.

मुंबईच्या आकाशाकडे पाहताना आडवा वारा आणि विंडशिअर यांतला हा भेद ध्यानात घ्यावा लागतो. ऐन पावसाळ्यात मुंबईवरचा मोसमी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, आणि सांताक्रूझ-अंधेरी परिसरातल्या विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिमच असल्याने, विमाने ठाण्याची खाडी ओलांडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून, २७ क्रमांकाच्या दिशेने उतरतात, म्हणजे वारा बहुतांशी समोरून मिळतो. लंडनइतके तिरके विमान येथे म्हणूनच क्वचित दिसते. मुंबईची अडचण पावसाची आहे, आणि मे महिन्यातल्या वळवाची आहे. वळवाचे ढग सह्याद्रीच्या अंगाला उभे राहतात, आणि पाऊस पोचण्याआधीच त्यांच्या पोटातून निघालेली थंड हवा धुळीचा पडदा ढकलत शहरावर येते. वाऱ्याची दिशा काही मिनिटांत पालटते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला महाकाय फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला तो अशाच वादळात, आणि घाटकोपर तर थेट उतरणीच्या वाटेखालीच येते. त्या दिवशी विमानतळ तासाभरासाठी थांबवावा लागला आणि १५ विमाने अन्य शहरांकडे वळवण्यात आली. ‘तौक्ते’ चक्रीवादळाच्या दिवशी, १७ मे २०२१ रोजी, तर विमानतळ सकाळी ११ पासून रात्रीपर्यंत बंदच होता.

ओल्या धावपट्टीवरची उतरण वेगळ्या नजरेने पाहावी लागते. पाण्याचा थर जाड असेल आणि चाक वेगात असेल तर रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याची फीत राहून चाक जमिनीला न टेकताच घसरत जाते. मोटारीच्या टायरचेही हेच होते, फक्त विमानाच्या टायरमधला हवेचा दाब कितीतरी अधिक असल्याने ते अधिक वेगाला घडते. म्हणूनच धावपट्टीवर आडव्या बारीक खाचा कोरलेल्या असतात, ज्यांतून पाणी बाजूला निघून जाते, आणि म्हणूनच जाणता वैमानिक पावसात विमान अलगद टेकवत बसत नाही, ते ठामपणे आपटतो, म्हणजे चाके पाण्याचा थर फोडून जमीन पकडतात. ‘काय हा धक्का!’ असे आतला प्रवासी म्हणतो, पण त्या धक्क्यातच त्याची सुरक्षितता असते. टेकल्याबरोबर पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात, त्यांनी पंखांची उचल संपते आणि विमानाचा सगळा भार चाकांवर येतो. इंजिनांची हवा उलट दिशेने वळवली जाते, आणि धावपट्टीवरच्या पाण्याचा पांढरा ढग इंजिनांच्या पुढे उसळतो. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या टोकापुढे जाऊन चिखलात रुतले. प्रवासी सुखरूप राहिले, पण ते विमान काढेपर्यंत चार दिवस मुंबईला आखूड अशा दुसऱ्या धावपट्टीवर भागवावे लागले.

वादळी उतरणीतले सर्वांत मोठे कौशल्य मात्र न उतरण्यात आहे. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात : उतरण मनासारखी जमत नाही असे दिसताच दोन्ही इंजिनांना पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे. जमिनीपासून ठरावीक उंचीवर वेग, उतार आणि दिशा या तिन्ही गोष्टी नेमक्या नसतील तर वर गेलेच पाहिजे, असा नियम असतो, आणि सहवैमानिकानेही तसे म्हटले तर मुख्य वैमानिकाने ते मानावे, अशी शिकवण असते. १ मार्च २००८ रोजी ‘एमा’ वादळात हॅम्बुर्गला एक एअरबस ए-३२० विमान टेकताटेकता वाऱ्याने उचलले गेले आणि त्याच्या डाव्या पंखाचे टोक धावपट्टीला घासले. वैमानिकांनी तत्काळ वर जाऊन दुसऱ्या धावपट्टीवर विमान सुखरूप उतरवले, आणि आतल्या १३७ जणांपैकी कोणालाही इजा झाली नाही. याच्या उलट ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर, पावसात आणि पाठीमागून वारा असताना, विमान जवळपास अर्धी धावपट्टी ओलांडल्यावर टेकले. ते टोकापलीकडे दरीत गेले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. चौकशी अहवालात नोंद आहे की दुसऱ्या वैमानिकाने वर जाण्यास सांगितले होते. ही नोंद वाचल्यावर वर जाणाऱ्या कोणत्याही विमानाकडे ‘उतरायला जमले नाही’ म्हणून पाहणे अशक्य होते, आणि ज्यांनी वादळात विमाने पाहण्याचा नाद लावून घेतला आहे त्यांनी टाळी राखून ठेवावी ती या विमानासाठी.

एवढे मात्र पाळले पाहिजे की हे पाहणे दुरूनच असावे. उतरणीच्या वाटेत पतंग उडवणे, ड्रोन सोडणे किंवा लेसरचा झोत कॉकपिटकडे रोखणे या गोष्टींना बंदी आहे, आणि शेवटच्या मिनिटात वैमानिकाच्या डोळ्यांत हिरवा प्रकाश घुसणे किती जीवघेणे ठरू शकते हे वर सांगितलेल्या हातापायांच्या कसरतीवरून उमगावे. विमानतळाच्या कुंपणाला चिकटण्यापेक्षा लांबची गच्ची बरी. तेथून विमानाची वाट अधिक लांबवर दिसते.

जुलैमधल्या एखाद्या संध्याकाळी कुर्ला-घाटकोपरच्या अशा गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले, तर आधी ढगांत नुसता पिवळसर उजेड पसरतो, मग त्यातून तीन दिवे सुटे होतात आणि बराच वेळ जागच्या जागी थांबल्यासारखे वाटतात. विमान धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर येते तेव्हा त्याची उंची साधारण १७० मीटर असते. पंखांमागचे पडदे पूर्ण खाली आलेले, चाके लोंबती, आणि पाण्याच्या रेघा दिव्यांच्या झोतात तिरक्या पडताना स्पष्ट दिसतात. ते डोक्यावरून जाते, पुढच्या सरीत अर्धे बुडते, आणि मग कधी कधी उतरत्या इंजिनांचा सूर एकदम चढतो, नाक वर होते, चाके पोटात जातात आणि विमान धावपट्टीवरून तसेच पश्चिमेला, जुहूच्या समुद्राकडे, ढगात नाहीसे होते. गच्चीवरची माणसे छत्र्या सावरत थांबून राहतात. पंधरा-वीस मिनिटांनी ठाण्याच्या खाडीच्या अंगाला पुन्हा तोच पिवळसर उजेड पसरतो, आणि त्यातून एकेक करून तीन दिवे सुटे होऊ लागतात.